जुन्या कम्प्युटरवर नवी सिस्टिम: कागदपत्रं न गमावता अपग्रेड कसं करायचं

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट बंद केला. विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 लाच संपला होता आणि 8.1 चा 10 जानेवारी 2023 ला. पण त्या तारखांना कुणाचा कम्प्युटर बंद पडला नाही. म्हणून आपल्याकडे सेवा केंद्रात, पतसंस्थेत, शाळेत, अडत्याच्या गादीवर ही मशीनं अजूनही रोज चालतात. फरक एवढाच पडला की सिस्टिममध्ये सुरक्षेचं नवं भोक सापडलं तर ते बुजवणारं अपडेट आता आपोआप येत नाही. आणि याच मशीनवर गावातल्या लोकांचे आधार, पासबुकाच्या प्रती, सातबारे, कापसाच्या चुकाऱ्याच्या पावत्या साठलेल्या असतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सेवा केंद्र चालवतो. आमच्या केंद्रातली, शाळेतली आणि ओळखीच्यांची बरीच जुनी मशीनं मी बदलून दिली आहेत. लोक बहुतेक वेळा तालुक्याच्या दुकानात जातात आणि तिथे एकच उत्तर मिळतं: "ठेवून जा भाऊ, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जाजो." संध्याकाळी मशीन चकाचक होऊन येतं. घरी आल्यावर कळतं की डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं गेलं, प्रिंटर चालत नाही आणि मराठी फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात.

माझी पद्धत वेगळी आहे. जुन्या मशीनमधली जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवायची, नवी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरत्या चकत्या नसलेली वेगवान डिस्क) टाकायची आणि नवी सिस्टिम त्या एसएसडीवर चढवायची. काही बिघडलं तर जुनी डिस्क परत लावली की मशीन कालच्यासारखं सुरू होतं. एवढी निर्धास्त दुसरी वाट नाही, आणि एसएसडीमुळे मशीनचा वेगही कितीतरी वाढतो.

आधी एवढं जमवा

- 240 किंवा 256 जीबीची 2.5 इंची साटा एसएसडी. डेस्कटॉप असेल तर सोबत साटा केबल.
- 8 जीबी किंवा त्याहून मोठा रिकामा पेनड्राइव्ह, शक्यतो 16 जीबीचा.
- जुनी डिस्क बाहेरून जोडता येईल अशी यूएसबी ते साटा केबल.
- बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क.
- बारीक स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश, सीआर2032 हा बटणसेल.
- एक वही. पासवर्ड, लायसन्सचे नंबर, प्रिंटरचं मॉडेल यात लिहायचं. मोबाइलमध्ये फोटो काढून भागवू नका. तो ऐन वेळी सापडत नाही.

1. मशीन कोणतं आहे ते ओळखा

सेटिंगमध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'अबाउट' उघडा. तिथे प्रोसेसर, रॅम आणि सिस्टिम 32 बिट आहे की 64 बिट हे दिसतं. वहीत उतरवून घ्या.

इंटेलचा आय3, आय5 किंवा आय7 असेल तर त्यापुढचा आकडा बघा. आय5-7200यू म्हणजे सातवी पिढी, आय5-8250यू म्हणजे आठवी. विंडोज 11 साठी मोजके अपवाद सोडले तर आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. एएमडी असेल तर साधारण रायझन 2000 मालिकेपासून पुढे. शिवाय 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, यूईएफआय (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टिम उघडू देणारी सोय) आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेच्या चाव्या जपणारी सोय). मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं मोफत ॲप हे सगळं तपासून सांगतं.

ॲप म्हणालं की टीपीएम नाही, तर लगेच हार मानू नका. बऱ्याच मशीनमध्ये ते असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद केलेलं असतं. इंटेलमध्ये त्याचं नाव 'पीटीटी' आणि एएमडीमध्ये 'एफटीपीएम'. तिथे जाऊन चालू करा आणि पुन्हा तपासा.

एक सावधगिरी मात्र ठेवा. बायोसमध्ये 'लेगसी' बूट, म्हणजे सुरू होण्याची जुनी पद्धत, लिहिलेलं असेल आणि तुम्ही ते नुसतं 'यूईएफआय' केलं, तर जुनी विंडोज सुरूच होणार नाही. काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं आलं की माणूस घाबरतो. घाबरू नका, परत 'लेगसी' करा. नव्या एसएसडीवर सिस्टिम टाकतेवेळी यूईएफआय केलेलं बरं.

2. कुठे जायचं ते ठरवा

विंडोज 11 बसत असेल तर तिकडेच जा. तुमची विंडोज 10 अस्सल असेल तर 11 साठी पैसे लागत नाहीत. मशीनमध्ये आधीच एसएसडी असेल आणि ती ठणठणीत असेल तर डिस्क बदलायचीही गरज नाही. तिसऱ्या पायरीतला बॅकअप घ्या आणि 'विंडोज अपडेट'मधून वर चढा. फाइली आणि सॉफ्टवेअर जागेवर राहतात. नाही जमलं तर 10 दिवसांच्या आत 'रिकव्हरी'मधून परत 10 वर येता येतं. मात्र मशीनवर 32 बिट विंडोज असेल, किंवा विंडोज 7 असेल, तर असं वर चढता येत नाही. सिस्टिम कोरीच टाकावी लागते.

विंडोज 11 बसत नसेल तर तीन रस्ते उरतात.

पहिला रस्ता थोडा वेळ मिळवण्याचा. विंडोज 10 च्या 22एच2 आवृत्तीवर घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेची अपडेट देणारी ईएसयू योजना ठेवली आहे. 'विंडोज अपडेट'च्या पानावर नोंदणीची लिंक दिसते, मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. ऐन हंगामात मशीन उघडायला फुरसत नसेल तर हे करून घ्या, पण हा तात्पुरता टेकू आहे.

दुसरा रस्ता लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी वेगळी सिस्टिम. मिंट 22 ही मालिका 2029 पर्यंत अपडेट देणार आहे, मोफत आहे, 2 जीबी रॅमवर उभी राहते आणि 4 जीबीवर नीट चालते. जुन्या मशीनला तिची 'एक्सएफसीई' आवृत्ती घ्या. शाळा, अभ्यासिका, घरचा अभ्यास, टायपिंग, इंटरनेट यासाठी मी डोळे झाकून मिंटच सांगतो. पण मशीनवर डिजिटल सहीचं टोकन, अंगठ्याचं मशीन किंवा टॅली चालवत असाल तर विंडोजवरच राहा. त्या वस्तूंचे ड्रायव्हर (त्यांना सिस्टिमशी जोडून देणारी छोटी सॉफ्टवेअरं) आणि सही करणारी सॉफ्टवेअरं मुख्यतः विंडोज धरूनच बनवलेली असतात.

तिसरा रस्ता म्हणजे अटी चुकवून विंडोज 11 जबरदस्तीने टाकणं. त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि ते जमतंही. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कोअर 2 ड्युओसारख्या फार जुन्या प्रोसेसरवर तर विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही आज्ञा त्या प्रोसेसरला समजतच नाहीत. घरच्या मशीनवर कुणाला हौस असेल तर असो. लोकांच्या पैशाचं आणि कागदांचं काम ज्या मशीनवर चालतं, तिथे हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि दुकानदार 'फुल व्हर्जन' म्हणून क्रॅक केलेली विंडोज देत असेल तर ती घेऊ नका. ती चालू करणारं ॲक्टिव्हेटर बहुतेक वेळा आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतं. ज्या प्रोग्रामला पहारेकरी नको असतो, तो आत काय करतो हे आपल्याला कधीच कळत नाही. बँकेचं काम करणाऱ्या मशीनवर तर हा धोका पत्करूच नका.

3. डेटा: दोन ठिकाणी, आणि उघडून बघून

जुनी डिस्क जपून ठेवणार असलो तरी बॅकअप लागतोच. आठ-दहा वर्षं जुनी डिस्क काढता-घालता बंद पडू शकते. आधी 'क्रिस्टल डिस्क इन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. निळं 'गुड' आलं तर ठीक. पिवळं 'कॉशन' आलं तर बाकी सगळं थांबवा आणि त्याच घटकेला डेटा काढायला घ्या.

काय काय उचलायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे चारही फोल्डर सी ड्राइव्हमध्ये असतात. लोक डी ड्राइव्ह जपतात आणि अर्जांचे निम्मे पीडीएफ डाउनलोड्समध्येच पडलेले असतात. व्हॉट्सॲपवरून आलेली कागदपत्रंही बहुधा तिथेच. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क आपल्या खात्याला सिंक करा किंवा फाइलमध्ये काढून घ्या. टॅली असेल तर टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि लायसन्स सरेंडर करा, म्हणजे नव्या सिस्टिमवर ते परत सुरू करताना अडचण येत नाही.

"डी ड्राइव्हमध्ये ठेवलं, आता काही होत नाही" हा आपल्याकडचा सगळ्यात महागात पडणारा समज आहे. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात, आणि इन्स्टॉल करताना 'पूर्ण डिस्क पुसा' निवडलं तरी दोन्ही जातात.

एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हच्या खात्यात. मग ती बाहेरची डिस्क दुसऱ्या कम्प्युटरला लावा आणि इकडच्या-तिकडच्या फाइली खरोखर उघडून बघा. नावं दिसतात म्हणजे फाइल शाबूत आहे असं नसतं.

मशीनवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का तेही आत्ताच बघा. असेल तर 48 आकडी रिकव्हरी की वहीत लिहा. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. तिच्याशिवाय काढलेली डिस्क दुसरीकडे उघडणार नाही.

4. टोकन, अंगठ्याचं मशीन, प्रिंटर आणि मराठी फॉन्ट

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे.

डिजिटल सहीची खासगी चावी टोकनच्या आत असते, कम्प्युटरमध्ये नसते. त्यामुळे सिस्टिम बदलल्याने सही जात नाही, फक्त टोकनचा ड्रायव्हर नव्याने टाकावा लागतो. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये 'इनिशियलाइज' असं एक बटण असतं. ते चुकूनही दाबू नका, सही पुसली जाते. पिनही आठवून वहीत लिहून ठेवा, कारण ओळीने अनेकदा चुकीचा पिन टाकला की टोकन लॉक होतं.

अंगठ्याच्या मशीनचं मॉडेल त्याच्या पोटाखाली लिहिलेलं असतं. त्याचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (आधारच्या पडताळणीसाठी लागणारं सॉफ्टवेअर) कंपनीच्या अधिकृत साइटवरून आधीच उतरवून ठेवा.

प्रिंटरचं तसंच. आपल्याकडे दर दुसऱ्या टेबलावर कॅननचा एलबीपी2900 दिसतो. विंडोजवर त्याचा 64 बिट ड्रायव्हर टाकला की तो चालतो. लिनक्सवर मात्र त्याला चालवणं किचकट काम आहे. एचपीच्या लेझरजेट 1020 ला लिनक्सवर एक जादा प्लगइन उतरवावं लागतं, पण नंतर तो मुकाट चालतो. मिंटकडे जायच्या आधी प्रिंटरचा विचार करा.

आता फॉन्ट. ग्रामपंचायतीचे ठराव, शाळेचे जुने दाखले, लग्नपत्रिकांचे मजकूर बहुतेक कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत टाइप केलेले असतात. हे युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीचे, नाहीत. आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी रूप देतो. म्हणून नव्या सिस्टिमवर तोच फॉन्ट नसेल तर ठरावाच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांच्या ओळी दिसतात आणि लोकांना वाटतं की फाइल खराब झाली. तसं नसतं. विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून तुम्ही वापरता ते फॉन्ट कॉपी करून ठेवा आणि नव्या सिस्टिमवर टाका. साधी टीटीएफ फाइल मिंटवरसुद्धा चालते. श्रीलिपीला यूएसबी लॉक असेल तर लॉक आणि सीडी दोन्ही सांभाळा.

नवं काम मात्र युनिकोडमध्येच सुरू करा. विंडोज 10 मध्ये 2019 पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, विंडोज 11 मध्येही आहे. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमधून मराठी जोडता येतं.

5. पेनड्राइव्ह तयार करा

विंडोज 11 ची फाइल 5 जीबीच्या वर आहे, मिंटची साधारण 3 जीबी. रोजच्या 1.5 किंवा 2 जीबीच्या पॅकवर ती उतरणार नाही. तालुक्याला कुणाकडे फायबर असेल तिथे जा, नाहीतर ग्रामपंचायतीत भारतनेटची लाइन चालू असेल तर विचारा. मिंट टॉरेंटनेही उतरवता येतं आणि खेड्यात तेच सोयीचं. रेंज गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं आणि फाइल बरोबर उतरली का हे ते स्वतःच तपासतं.

फाइल मायक्रोसॉफ्टच्या किंवा लिनक्स मिंटच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. मग 'रूफस' हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पेनड्राइव्ह बनवा. 'पार्टिशन स्कीम'मध्ये 'जीपीटी' आणि शेजारच्या 'टार्गेट सिस्टिम'मध्ये 'यूईएफआय' निवडा. फार जुन्या, फक्त लेगसी मशीनला मिंट टाकताना 'एमबीआर'. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. आठवडी बाजारात स्वस्तात मिळणारे, वर मोठा आकडा छापलेले पेनड्राइव्ह या कामाला आणूच नका. आत जागा कमी असते आणि इन्स्टॉल मध्येच फसतं.

6. धूळ, ऊन आणि लाइन

कॅबिनेट उघडणारच आहात तर साफ करून घ्या. जिनिंगच्या आसपासच्या गावात प्रोसेसरच्या पंख्याखाली बघा: रुईच्या तंतूंचा करडा थर जाळीवर असा बसलेला असतो की वारा आरपार जातच नाही. मऊ ब्रशने तो सोडवा, पंखा बोटाने धरून ठेवा म्हणजे फिरणार नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा असं मशीन इन्स्टॉल करताना तापून आपोआप बंद पडतं. काम सकाळी लवकर करा आणि कूलरचा ओला वारा थेट कॅबिनेटवर घेऊ नका.

बोर्डावरचा बटणसेलही बदला. तारीख दर वेळी मागे जात असेल तर तो संपलेला आहे, आणि तारीख चुकली की सरकारी आणि बँकेच्या साइट उघडत नाहीत.

लाइनचं बघा. भारनियमनाची वेळ टाळा. जिथे शेतीचा फीडर वेगळा नाही तिथे रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, ती वेळही टाळा. यूपीएसची बॅटरी खरंच दम धरते का हे आधी प्लग काढून तपासा. लॅपटॉपची बॅटरी मेली असेल तर त्याला इन्व्हर्टरवर लावा. इन्स्टॉल करताना लाइन गेली तर नव्या एसएसडीवर पुन्हा सुरुवात करता येते. बायोस अपडेट करताना गेली तर बोर्डच जाऊ शकतो, म्हणून अगदी गरज असल्याशिवाय बायोस अपडेटच्या फंदात पडू नका.

7. डिस्क बदला, सिस्टिम टाका

मशीन बंद करा, प्लग काढा, लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर काढा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. जुनी डिस्क काढा, तिच्यावर मशीनचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. एसएसडी लावा. डेस्कटॉपला जागा आहे म्हणून जुनी डिस्क आतच जोडून ठेवायचा मोह होतो. तसं करू नका. आत एकच डिस्क असेल तर चुकीची डिस्क पुसायचा प्रश्नच येत नाही.

पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करा आणि बूट मेन्यूचं बटण दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला साधारणपणे एफ12, एचपीला एफ9, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ12 चालतं, पण आधी एफ2 ने बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं.

विंडोज टाकताना लायसन्सची की मागितली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा. अस्सल विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलल्याने ते जात नाही. इंटरनेट मिळालं की सिस्टिम आपोआप ॲक्टिव्हेट होते. अट एकच, होम, प्रो यातली जी आवृत्ती पूर्वी होती तीच हवी. आपल्याकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' असते आणि लोक हौसेने 'प्रो' टाकून बसतात, मग ती ॲक्टिव्हेट होत नाही.

मिंट असेल तर ती आधी पेनड्राइव्हवरूनच उघडते, काहीही न पुसता. इथे घाई करू नका. आवाज, वायफाय, प्रिंटर, कीबोर्ड सगळं तपासा. जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर ते सुरुवातीला दिसत नाही. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट मिळेल, आणि इन्स्टॉल झाल्यावर 'ड्रायव्हर मॅनेजर' मधून तो ड्रायव्हर उतरवता येईल. मन भरलं की डेस्कटॉपवरचं 'इन्स्टॉल' दाबा.

8. काम सुरू करायच्या आधी

पहिलं काम, सगळी अपडेट. दुसरं, प्रिंटर आणि टोकन. नंतर यूएसबी केबलने जुनी डिस्क जोडून फाइली आणा; एखादं फोल्डर 'परवानगी नाही' म्हणालं तर 'कंटिन्यू' दाबून थांबा, वेळ लागतो. मग रोजचं एक खरं काम शेवटपर्यंत करून बघा: एक अर्ज भरा, त्यावर सही करा, छापा. जुना कृतिदेवमधला एक ठराव उघडा. हे सगळं जमलं की दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायला हरकत नाही. विंडोज 11 ने नव्या एसएसडीवर आपोआप एन्क्रिप्शन चालू केलं असेल तर तिची नवी रिकव्हरी कीही वहीत उतरवा.

9. जुनी डिस्क

दोन-तीन महिने तिला हात लावू नका. एखादी फाइल राहून गेल्याचं वर्षअखेरीला, ऑडिटच्या वेळी किंवा शाळेचे दाखले निघताना कळतं. त्यानंतर ती भंगारात किंवा दुसऱ्याला देण्याआधी नीट पुसा. फाइली डिलीट करून किंवा 'क्विक फॉरमॅट' मारून त्या जात नाहीत, साध्या सॉफ्टवेअरने परत निघतात. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना 'क्विक' समोरची खूण काढा. मग डिस्कचा तो भाग पूर्ण शून्यांनी लिहून काढला जातो. मोठ्या डिस्कला काही तास लागतात. सी आणि डी दोन्ही भागांना हे करा. डिस्क सुरूच होत नसेल तर तिचं झाकण उघडून आतल्या चकत्यांवर हातोडा चालवा, आणि मगच भंगारवाल्याला द्या.